प्राचीन इजिप्तमधील सृष्टिनिर्मितीच्या संकल्पना आणि हर्मेटिक विचार

प्राचीन इजिप्तमधील सृष्टिनिर्मितीच्या संकल्पना म्हणजे विश्व, देव आणि मानव कसे अस्तित्वात आले याविषयी नाईल नदीच्या खोऱ्यातील निरनिराळ्या मंदिर-नगरांत सुमारे अडीच हजार वर्षे मांडल्या गेलेल्या कथा, स्तोत्रे आणि धर्मविचार होत. हेलिओपोलिस, हर्मोपोलिस, मेम्फिस आणि थीब्ज ही त्यांची प्रमुख केंद्रे होती. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत इजिप्तमध्येच, परंतु ग्रीक भाषेत, हर्मीस ट्रिसमेजिस्टस या गुरूच्या नावाने लिहिल्या गेलेल्या तत्त्वज्ञानपर वाङ्मयास हर्मेटिक वाङ्मय म्हणतात. या वाङ्मयातील विश्वोत्पत्तीचा विचार मूळ इजिप्शियन परंपरेतून आला की ग्रीक तत्त्वज्ञानातून, हा प्रश्न सतराव्या शतकापासून अभ्यासकांमध्ये वादाचा राहिला आहे.

सामान्य स्वरूप

प्राचीन इजिप्तमध्ये सृष्टीच्या उत्पत्तीचे वर्णन करणारा एकच अधिकृत धर्मग्रंथ नव्हता. प्रत्येक मोठ्या मंदिराने आपल्या दैवतास आदिकारण मानून स्वतंत्र मांडणी केली. या मांडण्या परस्परविरोधी मानल्या जात नसत. एकाच ग्रंथात दोन-तीन परंपरांतील कल्पना शेजारी शेजारी आढळतात. त्या सर्वांना पुढील बाबी समान आहेत.

सृष्टीपूर्वी 'नून' नावाचे अथांग, अंधारे, दिशाहीन आदिजल होते. त्यातून एक उंचवटा वर आला, त्यावर निर्माता देव प्रकटला आणि प्रकाश झाला. दरवर्षी नाईलचा पूर ओसरताना पाण्यातून गाळाचे उंचवटे वर येत व त्यांवर हिरवळ उगवे, हे दृश्य या कल्पनेच्या मुळाशी असावे असे मानले जाते. निर्मितीच्या या क्षणास 'झेप तेपी', म्हणजे 'पहिली वेळ', असे म्हणत. या वेळी 'मात', म्हणजे सत्य, न्याय व सुव्यवस्था यांचे तत्त्व, प्रस्थापित झाले.

आदिजल मात्र निर्मितीनंतर नाहीसे झाले नाही. ते विश्वाच्या कडेने आणि पृथ्वीच्या खाली कायम राहिले, अशी समजूत होती. सूर्य रोज रात्री त्यातून प्रवास करून पहाटे नव्याने जन्मतो, त्यामुळे प्रत्येक सूर्योदय ही निर्मितीची पुनरावृत्ती ठरत असे. मंदिरांच्या रचनेतही ही कल्पना दिसते. गाभाऱ्याकडे जाताना जमीन चढत जाते, स्तंभांना पाणवनस्पतींचे आकार दिलेले असतात आणि गाभारा हा आदिम उंचवट्याचे प्रतीक असतो. फॅरोने मात टिकवणे व पुरोहितांनी नित्य पूजाविधी करणे ही निर्मिती चालू ठेवण्याचीच कृत्ये मानली जात.

हेलिओपोलिस

हेलिओपोलिस (इजिप्शियन नाव इऊनु) हे सूर्योपासनेचे केंद्र होते. त्याचे अवशेष आजच्या कैरोच्या ईशान्य उपनगरात आहेत. येथील परंपरेचे सर्वांत जुने लेखी पुरावे पिरॅमिड पाठांत मिळतात. हे पाठ प्रथम पाचव्या राजवंशाचा अखेरचा राजा उनास याच्या सक्कारा येथील पिरॅमिडमध्ये, इ.स.पू. २३५० च्या सुमारास, कोरले गेले.

येथील निर्माता आतुम हा स्वयंभू आहे. त्याच्या नावाच्या धातूचे 'पूर्ण होणे' आणि 'नसणे' असे दोन्ही अर्थ होतात. तो एकटाच असल्याने आपल्याच देहद्रव्यातून पहिले जोडपे निर्माण करतो: शू (वायू) आणि तेफनुत (सामान्यतः आर्द्रता). काही पाठांत हे थुंकण्यातून, तर काहींत वीर्यापासून घडते. शू व तेफनुत यांच्यापासून गेब (पृथ्वी) आणि नुत (आकाश) जन्मले. संस्कृत परंपरेत आकाश पिता व पृथ्वी माता आहे. इजिप्तमध्ये याच्या उलट पृथ्वी हा पुरुष आणि आकाश ही स्त्री आहे. शूने नुतला गेबपासून वर उचलल्याने दोघांमध्ये अवकाश तयार झाला. त्यांची अपत्ये ओसायरिस, आयसिस, सेत आणि नेफ्थिस होत. या नऊ देवतांच्या समूहास ग्रीक भाषेत 'एनिआड' म्हणतात.

पुढील काळातील शवपेटिका पाठांत मानवाची उत्पत्ती निर्मात्याच्या अश्रूंपासून झाल्याचे सांगितले आहे. 'मानव' आणि 'अश्रू' यांसाठीच्या इजिप्शियन शब्दांतील उच्चारसाम्यावर ही कल्पना आधारलेली आहे.

हर्मोपोलिस

मध्य इजिप्तमधील खेमेनू (आजचे अल-अशमुनेन) हे थॉथ या देवाचे नगर होते. ग्रीकांनी थॉथला हर्मीस मानल्याने नगराचे नाव हर्मोपोलिस पडले. थॉथ हा चंद्र, लेखन, गणना, औषधविद्या व मंत्र यांचा देव असून त्याचे चित्रण आयबिस पक्षी किंवा बबून वानराच्या रूपात होते.

'खेमेनू' या नावाचा अर्थ 'आठ' असा होतो. तो निर्मितीपूर्व अवस्थेतील आठ देवतांच्या समूहाशी, म्हणजे अष्टकाशी, निगडित आहे. या देवता चार जोड्यांत येतात: नून व नाउनेत (जल), हेह व हाउहेत (अमर्यादता), केक व काउकेत (अंधार), आणि अमुन व अमाउनेत (गुप्तता). पुरुष देवतांना बेडकाचे, तर स्त्री देवतांना सर्पाचे मस्तक दाखवले जाते. सृष्टीपूर्वीची स्थिती इथे निव्वळ शून्य नसून गुणांनी वर्णन करता येणारी आहे. या आठांच्या क्रियेतून आदिम अंडे किंवा कमळ उत्पन्न होते आणि त्यातून सूर्य बाहेर येतो.

मेम्फिस

मेम्फिस येथील मांडणी मुख्यतः शबाका शिलालेखातून ज्ञात आहे. हा काळा शिलाखंड पंचविसाव्या राजवंशातील नुबियन राजा शबाका याने इ.स.पू. ७०० च्या सुमारास कोरवून घेतला. किड्यांनी खाल्लेल्या जुन्या लेखाची ही प्रत असल्याचे त्यावर नमूद आहे. तो १८०५ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आला. मधल्या काळात दगडाचा दुसऱ्या कामासाठी वापर झाल्याने मजकुराचा मोठा भाग झिजून गेला आहे.

या लेखानुसार प्ताह हा देव प्रथम हृदयात संकल्प करतो व नंतर जिभेने त्याचा उच्चार करतो. उच्चारलेली गोष्ट अस्तित्वात येते. इजिप्शियन समजुतीनुसार हृदय हे बुद्धीचे स्थान होते. लेखात हृदयाचा संबंध होरसशी आणि जिभेचा थॉथशी जोडला आहे. पुढे प्ताहने देवांची नगरे व मंदिरे स्थापन केली, त्यांच्या मूर्ती घडवल्या आणि देव लाकूड, दगड व मातीच्या त्या देहांत प्रविष्ट झाले, असे वर्णन येते. अमेरिकन इजिप्तविद जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी १९०१ मध्ये या लेखाचे महत्त्व दाखवून दिले. त्या वेळी तो अतिप्राचीन मानला गेला होता. आज बहुतेक अभ्यासक त्याची रचना नव्या साम्राज्याच्या काळातील किंवा त्यानंतरची मानतात.

थीब्ज व एस्ना

नव्या साम्राज्याच्या काळात थीब्जचा अमुन हा सर्वश्रेष्ठ देव झाला. इ.स.पू. तेराव्या शतकातील, आज नेदरलँड्समधील लायडन येथे असलेल्या एका पपायरसात अमुनची स्तोत्रे आहेत. त्यांत अमुन हा देवांनाही अगम्य असून अमुन, रा व प्ताह या तिघांत सर्व देव सामावलेले आहेत, असा विचार मांडला आहे. अन्य स्तोत्रांत अमुनला स्वतःला लक्षावधी रूपांत प्रकट करणारा 'एक' म्हटले आहे.

एस्ना येथील मंदिराच्या रोमन काळातील लेखांत दोन परंपरा आढळतात. ख्नुम हा देव कुंभाराच्या चाकावर मानवाला घडवतो, तर नेथ ही स्त्री व पुरुष अशी दोन्ही तत्त्वे असलेली देवी सात उच्चारांनी सृष्टी निर्माण करते. यावरून निर्मितीविषयीचा विचार इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातही मंदिरांत जिवंत होता, हे स्पष्ट होते. हर्मेटिक ग्रंथ लिहिले जात होते तो काळ हाच होय.

थॉथपासून हर्मीस ट्रिसमेजिस्टसपर्यंत

थॉथ व हर्मीस यांचे ऐक्य इ.स.पू. पाचव्या शतकात हेरोडोटसच्या लेखनात गृहीत धरलेले दिसते. इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने इजिप्त जिंकल्यावर आणि पुढे टॉलेमी राजवंशाच्या काळात ते दृढ झाले. इजिप्शियन भाषेत श्रेष्ठत्व दाखवण्यासाठी 'महान' हे विशेषण पुन्हा पुन्हा लिहिण्याची पद्धत होती. इ.स.पू. १९६ मधील रोझेटा शिलालेखाच्या ग्रीक भागात हर्मीसला 'महान व महान' म्हटले आहे. एस्ना येथे थॉथला हे विशेषण तीनदा लावलेले आढळते. 'त्रिवार महान' या अर्थाचे 'ट्रिसमेजिस्टस' हे ग्रीक नाव याच पद्धतीतून तयार झाले.

मंदिरांना जोडलेल्या 'जीवनगृह' या संस्थेत ग्रंथांची रचना व नक्कल होत असे. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट याने इजिप्शियन पुरोहितांना पाठ कराव्या लागणाऱ्या हर्मीसच्या ४२ ग्रंथांचा उल्लेख केला आहे. डेमोटिक लिपीतील 'थॉथचा ग्रंथ' म्हणून ओळखली जाणारी रचना रिचर्ड जॅस्नो व कार्ल-थिओडोर झाउझिख यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केली. तीत ज्ञानाची आवड असलेला शिष्य आणि देव यांच्यातील संवाद आहे. हर्मेटिक ग्रंथांतील गुरु-शिष्य संवादाच्या रूपाशी त्याचे साम्य लक्षणीय आहे.

हर्मेटिक वाङ्मय

तत्त्वज्ञानपर हर्मेटिक ग्रंथ साधारणतः इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील मानले जातात. त्यांत ग्रीक भाषेतील १७ प्रकरणांचा 'कॉर्पस हर्मेटिकम', लॅटिन भाषांतरात पूर्णपणे उपलब्ध असलेला 'अस्क्लेपियस', स्टोबियसने पाचव्या शतकात केलेल्या संकलनातील उतारे, आर्मेनियन भाषेतील सूत्रे आणि १९४५ मध्ये नाग हम्मादी येथे सापडलेल्या हस्तलिखितांपैकी सहाव्या ग्रंथातील तीन कॉप्टिक रचना यांचा समावेश होतो.

या संवादांतील पात्रे इजिप्शियन आहेत. तात हे नाव थॉथवरूनच आले आहे, अस्क्लेपियसच्या मागे इम्होतेप आहे आणि अम्मोन म्हणजे अमुन होय. 'कोरे कोस्मू' या ग्रंथात आयसिस आपला पुत्र होरस याला उपदेश करते.

'पॉइमँड्रेस' हे कॉर्पसचे पहिले प्रकरण विश्वोत्पत्तीविषयी आहे. त्यात आधी अमर्याद प्रकाश दिसतो. त्यातून खाली सर्पासारखा वेटोळे घेणारा अंधार उत्पन्न होतो व त्याचे रूपांतर आर्द्र प्रकृतीत होते. प्रकाशातून पवित्र 'शब्द' या प्रकृतीवर उतरतो. जीवन व प्रकाश असलेली, स्त्री व पुरुष अशा दोन्ही रूपांची आदिबुद्धी आपल्या शब्दाने दुसरी, निर्माती बुद्धी जन्मास घालते. ती सात ग्रह-अधिपती घडवते. शेवटी निर्माण झालेला आदिमानव प्रकृतीत पडलेल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर मोहित होऊन देहात उतरतो. म्हणून मानव देहाने मर्त्य व मूलतः अमर असा दुहेरी आहे.

साम्यस्थळे

आदिजल व अंधार: कॉर्पसच्या तिसऱ्या प्रकरणात सृष्टीपूर्वी अमर्याद अंधार, जल आणि सूक्ष्म बुद्धियुक्त वायू असल्याचे सांगितले आहे. अमर्यादता, अंधार, जल व अदृश्य तत्त्व हे हर्मोपोलिसच्या अष्टकातील चार गुणांशी जुळते. बायबलमधील उत्पत्तीच्या ग्रीक भाषांतराशीही या भागाचे साम्य असल्याचे सी. एच. डॉड यांनी १९३५ मध्ये दाखवले.

बुद्धी व शब्द: मनातील संकल्प आणि उच्चारलेला शब्द यांतून होणारी निर्मिती मेम्फिसच्या हृदय-जिभेच्या कल्पनेशी समांतर आहे. थॉथला निर्मात्याची जीभ म्हणणारी परंपरा पाहता, शब्दाचे माहात्म्य सांगणारे ग्रंथ त्याच्याच नावाने लिहिले जाणे स्वाभाविक ठरते.

उभयलिंगी निर्माता: आतुम व नेथ यांच्याप्रमाणे हर्मेटिक ईश्वरही स्वतःच पिता व माता आहे.

एक व अनेक: ईश्वर अप्रकट असून सर्व रूपांत प्रकट आहे आणि सर्व नावे त्याचीच आहेत, हा पाचव्या प्रकरणातील विचार अमुनच्या स्तोत्रांची आठवण करून देतो.

आठ हा अंक: नाग हम्मादी येथील 'आठव्या व नवव्याविषयीचा संवाद' या रचनेत सात ग्रहगोलांपलीकडील आठव्या व नवव्या स्तरांचा अनुभव वर्णिला आहे. तो उपदेश चित्रलिपीत कोरून मंदिरात ठेवण्याची आज्ञा शिष्याला होते. त्याच्या आठ रक्षकांपैकी पुरुष बेडूकमुखी व स्त्रिया मार्जारमुखी असल्याचे सांगितले आहे. ग्रहगोलांची कल्पना ग्रीक खगोलशास्त्रातील असली, तरी हे बेडूकमुखी रक्षक हर्मोपोलिसच्या अष्टकाकडेच निर्देश करतात.

सजीव मूर्ती: 'अस्क्लेपियस'मध्ये मानव देवांच्या सजीव मूर्ती घडवतो, असे प्रतिपादन आहे. शबाका शिलालेखातील देवांचा मूर्तिप्रवेश आणि मंदिरांतील 'मुख उघडण्याचा' विधी यांत याची पार्श्वभूमी सापडते.

भेद

साम्य असले तरी दोन्ही विचारांची दिशा वेगळी आहे. इजिप्शियन परंपरेत विश्व टिकवणे हे धर्माचे प्रयोजन आहे. मृतात्म्यालाही शाबूत देह, अन्न आणि सूर्यासोबतचा प्रवास हवा असतो. हर्मेटिक ग्रंथांपैकी काहींत मात्र देह हे बंधन असून आत्म्याने सात ग्रहगोल ओलांडून, प्रत्येकाला त्याचा दोष परत देत, वर जाणे हे ध्येय आहे. आत्म्याचे पतन, बुद्धिगम्य व इंद्रियगम्य जगांतील भेद आणि निर्मात्यासाठी वापरलेली 'डेमिअर्ज' ही संज्ञा यांत प्लेटोच्या, विशेषतः 'तिमेयस' या संवादाच्या, परंपरेचा ठसा स्पष्ट आहे. विश्वाच्या अंताविषयीही फरक आहे. 'मृतांच्या पुस्तका'च्या १७५ व्या अध्यायात आतुम सर्व निर्मिती पुन्हा आदिजलात विलीन करून ओसायरिससह सर्परूपाने उरेल, असे म्हटले आहे. 'अस्क्लेपियस'मध्ये मात्र अधर्माच्या काळानंतर ईश्वर विश्वाला पूर्वस्थितीत आणतो.

संशोधनाचा इतिहास

चौथ्या शतकाच्या सुमारास नवप्लेटोवादी इयाम्ब्लिखस याने या वादाचे एक उत्तर आधीच दिले होते. हर्मीसच्या नावाचे ग्रंथ ग्रीक तत्त्वज्ञांच्या भाषेत असले तरी त्यांत हर्मीसचेच विचार आहेत, कारण तत्त्वज्ञान जाणणाऱ्या लोकांनी ते इजिप्शियन भाषेतून उतरवले, असे त्याचे म्हणणे होते.

१४६३ मध्ये मार्सिलिओ फिचिनो याने फ्लॉरेन्स येथे कोसिमो दे मेदिची याच्यासाठी कॉर्पसचे लॅटिन भाषांतर केले. ते १४७१ मध्ये छापले गेले. त्या काळी हर्मीस हा मोझेसच्या आगेमागे होऊन गेलेला ऋषी मानला जाई. १६१४ मध्ये आयझॅक कॅसोबॉन याने भाषेच्या आधारे हे ग्रंथ ख्रिस्तोत्तर काळातील असल्याचे दाखवले. त्यानंतर त्यांचे महत्त्व ओसरले.

१९०४ मध्ये रिचर्ड राइट्झेनश्टाइन यांनी पॉइमँड्रेसमागे इजिप्शियन धर्मविचार असल्याचे प्रतिपादन केले. याउलट आंद्रे-जाँ फेस्तुजिएर यांनी १९४४ ते १९५४ या काळातील चार खंडांत हे वाङ्मय मूलतः ग्रीक असून इजिप्शियन घटक केवळ सजावटीचे आहेत, असे मत मांडले. नाग हम्मादी येथील शोधानंतर हे चित्र बदलले. जाँ-पिएर माए, एरिक इव्हर्सन (१९८४) आणि गार्थ फाउडन (१९८६) यांनी इजिप्शियन पार्श्वभूमीला पुन्हा महत्त्व दिले. ख्रिश्चन बुल यांनी २०१८ मधील ग्रंथात या परंपरेचा संबंध ग्रीक जाणणाऱ्या इजिप्शियन पुरोहितांशी जोडला. आज हे वाङ्मय दोन्ही परंपरांच्या मिश्रणातून घडले, यावर सर्वसाधारण एकमत आहे; प्रमाणाविषयी मतभेद आहेत.

प्रचलित समज

'जसे वर तसे खाली' या आशयाचे वचन अनेकदा प्राचीन इजिप्शियन म्हणून दिले जाते. ते 'पाचूची पाटी' या रचनेतील असून तिचे सर्वांत जुने ज्ञात रूप मध्ययुगाच्या आरंभीच्या अरबी ग्रंथांत आढळते. हर्मेटिक तत्त्वांचा संग्रह म्हणून प्रसिद्ध असलेले 'किबेलियन' हे पुस्तक १९०८ मध्ये शिकागो येथे प्रसिद्ध झाले. त्याचा कर्ता विल्यम वॉकर ॲटकिन्सन असल्याचे सामान्यतः मानले जाते. 'योगी रामचरक' या टोपणनावाने योगविषयक पुस्तके लिहिणारा लेखकही तोच होय. इंग्रजी वाचकांत हर्मेटिक ग्रंथांचा प्रसार करण्यात जी. आर. एस. मीड यांच्या १९०६ मधील भाषांतराचा मोठा वाटा आहे. मीड हे थिऑसॉफिकल सोसायटीशी संबंधित होते. या संस्थेचे मुख्यालय १८७९ ते १८८२ या काळात मुंबईत होते.

महत्त्व

फिली येथील इ.स. ३९४ मधील लेख हा चित्रलिपीतील अखेरचा ज्ञात दिनांकित लेख आहे. त्यानंतर ही लिपी वाचणारे उरले नाहीत आणि मंदिरांच्या भिंतींवरील निर्मितिकथा मूक झाल्या. १८२२ मध्ये शांपोल्यों याने लिपीचा उलगडा करेपर्यंत इजिप्तच्या धर्मविचाराची युरोपातील ओळख ग्रीक व लॅटिन लेखकांवर आणि हर्मेटिक ग्रंथांवर अवलंबून होती. 'अस्क्लेपियस'मध्ये एक भविष्यकथन आहे: देव इजिप्त सोडून जातील, पूजाविधी बंद पडतील आणि त्या भूमीच्या धर्माच्या केवळ कथा व दगडांवर कोरलेले शब्द शिल्लक राहतील. मध्य साम्राज्याच्या काळातील 'नेफेर्तीचे भाकीत' यासारख्या रचनांपासून चालत आलेल्या इजिप्शियन भविष्यकथनाच्या प्रकारात हा भाग मोडतो. सृष्टी रोज नव्याने टिकवावी लागते, अशी श्रद्धा असलेल्या परंपरेने स्वतःच्या अस्ताविषयी लिहिलेला हा मजकूर म्हणून तो विशेष अभ्यासला जातो.